पाचव्या मजल्यावरचा ड्रायर

कोरोनात सगळं बंद झालं तेव्हा आमच्या इमारतीत कुणी तांदळाची काळजी केली, कुणी औषधांची. माझ्या शेजारच्या झुआंग काकूंनी केसांची केली.

सूतगिरणीतून निवृत्त झाल्यापासून काकूंनी स्वतःचं डोकं स्वतः धुतलेलं नव्हतं. शांघायमधल्या त्यांच्या पिढीच्या बायकांचं हे असंच. पालकाच्या जुडीवरून तासभर हुज्जत घालतील, पण ठरल्या दिवशी बाजारामागच्या यान वस्तादाच्या दुकानात जाऊन केस धुऊन, रोलर लावून, फुलवून आणतीलच. पाऊस असला की काकू डोक्याला भाजीची पिशवी बांधून परत यायच्या. बाकीचं अंग भिजलं तरी चालायचं. मी आन्हुई प्रांतातल्या लहान गावातून आलेला भाडेकरू. आमच्याकडे केस वाढले की कापतात, एवढंच. त्यामुळे त्या मला प्रेमाने गावंढळ म्हणायच्या. निदान मी ते प्रेम धरून चालायचो.

इमारतीच्या दाराला कुलूप लागलं आणि काकूंचे केस बसायला लागले. मग भांगातून पांढरी रेघ उगवली आणि रोज थोडी रुंद होत गेली. घरात कोण बघतंय? पण घशाच्या तपासणीसाठी सकाळी सगळ्यांना खाली रांगेत उभं राहावं लागे. तोंडं मास्कमध्ये गेलेली, म्हणजे बघण्यासारखं उरलं ते डोकंच. काकूंनी लोकरीची टोपी चढवली. एप्रिलचं चांगलं ऊन पडलेलं असायचं.

अशाच एका सकाळी ५०२मधल्या दोंग काकू खाली उतरल्या. केस काळेभोर, फुललेले, एकेक लाट जागच्या जागी. वस्तादाच्या दुकानातल्या खिडकीजवळच्या खुर्चीवरून या दोघींचं जुनं वैर.

"बघितलंस?" झुआंग काकूंनी मागून माझ्या पाठीत बोट खुपसलं.

"काय?"

"डोळे काय मिठात घालून ठेवलेत? तिची मागची बाजू बघ. मागची बाजू स्वतःची स्वतःला करताच येत नाही!"

दोन दिवसांनी त्यांनी माझं दार ठोठावलं आणि मला आपल्या घरी ओढत नेलं. दोंग काकूंचं घर बरोबर त्यांच्या डोक्यावर. आम्ही छताकडे कान लावून उभे राहिलो. वरून घुर्रर्र आवाज येत होता.

"वस्तादाचा ड्रायर," काकू कुजबुजल्या. "ओळखते ना मी. मधेच खोकतो तो. बघ, खोकला! वस्ताद वर आहे. तिने लपवलाय."

"काकू, माणूस आहे तो. कोबी नाही लपवायला."

"त्याच्या लेकाच्या लग्नात रेशमी रजई दिली होती मी! आणि तो मेला तिच्याकडे?"

मी समजूत घालून घरी आलो, तोवर काकूंनी इमारतीच्या ग्रुपवर लिहूनही टाकलं होतं: '५०२मध्ये बाहेरचा माणूस आहे का? मी फक्त विचारते.'

झालं. बाहेरचं कुणी आत आलं असेल, तर सगळ्यांच्या कोंडवासाच्या दिवसांची मोजणी पुन्हा पहिल्यापासून. ग्रुप पेटला. मी इमारतीचा स्वयंसेवक, म्हणून पांढरा झगा चढवून वस्ती समितीच्या बाईंबरोबर वर जाणं मलाच आलं. झुआंग काकू टोपी ओढून जिन्याच्या वळणावर उभ्या राहिल्या, 'फक्त बघायला'.

दार उघडलं. आत दोंग काकू डोकंभर रोलर लावून बसलेल्या. त्यांच्यामागे त्यांचे यजमान, फेई काका. जन्मभर गोदीत क्रेन चालवलेला हा माणूस बायकोचा फुलाफुलांचा एप्रन बांधून, तोंडात कंगवा धरून उभा. टेबलावर सोया सॉसच्या बाटलीला टेकवलेला फोन, आणि फोनमध्ये यान वस्ताद. आपल्या घरी शेवया ओरपत ओरडत होता, "फेई, दाराकडे काय बघतोस? मानेवरचा रोलर सुटला!"

ड्रायर वस्तादाचाच होता. जुना झाला म्हणून त्याने काढून टाकलेला, तो दोंग काकूंनी मागेच मागून आणलेला. समितीच्या बाई हसत हसत खाली गेल्या. झुआंग काकू हसल्या नाहीत.

"वस्तादच निघाला असता तर बरं झालं असतं," त्या दारापाशी मला म्हणाल्या. "दुकान उघडलं की तो सगळ्यांचा झाला असता. हा नवरा मात्र तिचाच राहणार." मग किल्ली शोधत म्हणाल्या, "आमच्या माणसाला जाईपर्यंत कळलं नाही, माझे केस कुरळे की सरळ."

दुसऱ्या दिवशी रांगेत दोंग काकू मागे वळल्या. "डोकं करून घ्यायचंय का? मी फक्त विचारते."

"काही नको."

"बरं."

"...कधी?"

डोकं जिन्यातच करायचं ठरलं. खिडक्या सताड उघड्या, सगळ्यांना मास्क. डोकं धुऊन झुआंग काकू स्टुलावर बसल्या. इतक्या ताठ, की जणू फोटोच काढायचाय. दोंग काकू वरच्या पायरीवर, पहाऱ्याला. फोनवर वस्ताद होताच. फेई काकांनी पहिली बट रोलरवर घेतली आणि थबकले.

"वा! झुआंगताई, तुमचे केस काय ऐकतात हो! नाहीतर हिचे. नुसता खराटा."

वस्तादाने तिकडे चटकन फोन बंद केला. शहाणा माणूस.

"फेई, पुरे," दोंग काकू म्हणाल्या.

"अगं, अजून मागची बाजू..."

"पुरे म्हटलं ना! घरात चला."

सकाळी झुआंग काकू बिनटोपीच्या उतरल्या. समोरून असा फुगा, की पांढरी रेघ त्यात गडप. दोंग काकू आल्या त्या लोकरीची टोपी घालून. नवऱ्याशी अबोला, मग डोकं कोण करणार?

झुआंग काकू सगळा वेळ रांगेत मागे असलेल्या दोंग काकूंकडे तोंड करून उभ्या होत्या. रांग सरकत होती, तशा उलट्या पावलांनी पुढे सरकत होत्या.

"बघितलंस?" त्यांनी वळून न बघता मला विचारलं.

मी रांगेत त्यांच्या पुढे, म्हणजे त्यांच्या पाठीमागेच होतो. मागून केस चेपलेल्या उशीसारखे सपाट होते.

"बघितलं," मी म्हणालो. "एक नंबर."