मामा बेसिन पाहायचे

फोन अमरावतीहून होता, मामांच्या शेजारच्या काकूंचा. अकोल्याला जठारपेठेतल्या माझ्या स्टेशनरीच्या दुकानात तेव्हा गिऱ्हाईक उभं होतं. "भाऊ, तुमी लवकर या. मामा खुर्चीवर बसले, आन् बसलेच राहिले..." पुढचं मला ऐकू आलं नाही. पोचेपर्यंत दुपार झाली. त्या दिवशीही मामांनी माझ्या मुलीला, प्रज्ञाला, सकाळी अचलपूरच्या बसमध्ये बसवून दिलं होतं. घरी येऊन चहाचे दोन ग्लास धुतले, फडक्यावर उपडे घातले आणि मग खुर्चीत बसले होते. ग्लास तिथेच होते, वाळलेले.

सुखदेवमामा, माझ्या आईचे धाकटे भाऊ, अमरावतीच्या एका कॉलेजात रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत परिचर होते. शिक्षण दहावी. आयुष्यभर दुसऱ्यांच्या प्रयोगांची काच धुतली. कुणाच्याही घरी पाणी दिलं की प्यायच्या आधी ग्लास उजेडाकडे धरून पाहायचे. आमच्या लग्नानंतर पहिल्यांदा आले तेव्हा माझी बायको सुनीता फणकारली होती, "मामा, पाण्यात काही आहे का?" मामा ओशाळले. "पानी नाई पायत वो सूनबाई, काच पायतो. सवय हाय." मग तिला मोरीवर नेऊन समजावलं. काच खरोखर धुतली गेली असेल, तर पाण्याचा पातळ पदर तिच्यावर सलग बसतो. तेलकट राहिली असेल, तर थेंब वेगवेगळे उभे राहतात. त्या दिवसापासून आमच्या घरातले ग्लास दोनदा धुतले जाऊ लागले.

तीन वर्षांपूर्वी प्रज्ञा बारावी झाली. तिला रसायनशास्त्रच शिकायचं होतं, पण मोठ्या कॉलेजांच्या यादीत नाव लागलं नाही. दोन लहान कॉलेजांत लागलं. एक अकोल्याच्या बाहेर नव्यानं निघालेलं, दुसरं अचलपूरचं जुनं. सोमवारपर्यंत एक पक्कं करायचं होतं. मी मनातल्या मनात करूनही टाकलं होतं. अकोल्यात नवीकोरी इमारत, घरापासून वीस मिनिटं, पोरगी डोळ्यांसमोर. प्रज्ञा काहीच बोलली नाही. दिवसभर बडबडणारी पोरगी गप्प झाली की बापानं घाबरायला पाहिजे, मी मात्र ते होकारात जमा केलं. तिनं गुपचूप आबांना, म्हणजे मामांना, फोन केला. शुक्रवारी सकाळच्या बसनं मामा हजर.

अकोल्याच्या कॉलेजात प्राचार्यांनी चहा पाजला, सभागृह दाखवलं. मी निकाल विचारले, बसची सोय विचारली. मामांनी एकच विचारलं, "सर, लॅबमंदी हात धुवाले पानी भेटन का?" मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. प्रयोगशाळा मात्र बघत राहावी अशी. चकचकीत फरशी, ओळीत बाटल्या, दुधासारखं पांढरं बेसिन. "पाहा मामा, काय स्वच्छता आहे!" मी म्हणालो. मामांनी नळ फिरवला. नळ जरासा खोकला, पाणी काही आलं नाही. "हो, लय स्वच्छ हाय," एवढंच म्हणून त्यांनी न धुतलेले हात रुमालाला पुसले. प्रज्ञा त्या बेसिनकडे कितीतरी वेळ पाहत होती.

दुसऱ्या दिवशी अचलपूर. गंजलेलं फाटक, पोपडे आलेल्या भिंती... माझं तोंड उतरलं. प्रयोगशाळेत ॲप्रनला भोकं पडलेला एक परिचर काचेच्या लांब नळ्या विसळत होता. बेसिनवर जांभळे, तपकिरी, हिरवे डाग, एकावर एक चढलेले. मी नाक मुरडलं. मामांनी आपण कोण ते सांगितलं नाही, काही विचारलंही नाही. पुढे झाली प्रज्ञा. "दादा, मी एक परीक्षानळी धुऊन पाहू?" तिनं नळी धुतली, खिडकीकडे धरली. काचेवर एक थेंबही उभा नव्हता. ती खुदकन हसली. मामा मुद्दाम बाहेरच्या कडुलिंबाकडे बघत होते.

परतीच्या बसमध्ये मी म्हणालो, "मामा, आता तुम्हीच काय ते सांगा."

"म्या नाई सांगत. म्या सांगतलं त ते माह्यं कॉलेज होईन. तीन वर्स जाचं तिले हाय."

तेवढ्यात पुढच्या सीटवरून प्रज्ञा वळली. "बाबा, अकोल्याचं बेसिन पांढरं होतं... त्यात कोणी कधी काही ओतलंच नाही."

त्या बसमध्ये आमच्या तिघांत पदवीधर मी एकटाच होतो. मामांनी एका नळाच्या तोटीवरून अख्खं कॉलेज वाचलं होतं, आणि तोंडातून शब्द न काढता पोरीला वाचायला शिकवलं होतं. मी थक्क झालो होतो. आजही आहे.

प्रज्ञा मामांकडे राहून अचलपूरला जाऊ लागली. निवृत्तीच्या वेळी मामांनी कॉलेजकडून एकच वस्तू मागून घेतली होती, तोंडाशी चीर गेल्यामुळे बाद झालेला एक ब्युरेट. म्हणजे थेंब थेंब मोजून सोडायची काचेची नळी. घरच्या बेसिनपाशी त्यांनी तो उभा केला आणि प्रज्ञा त्यात पोटॅशियम परमँगनेटचं जांभळं पाणी भरून सराव करू लागली. मामा शेजारी स्टुलावर. "घाई नोको करू पोरी. रंग एका थेंबानंच बदलते." रसायनशास्त्रातलं त्यांना याहून जास्त सांगता येत नसे. पण पोरीचा हात थरथरायचा थांबला तो त्या स्टुलामुळे, असं तीच सांगते.

मामांच्या पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाला. घर भाड्याचं, ते रिकामं करून द्यायचं होतं. प्रज्ञा वसतिगृहात जाणार म्हणून मामांच्या जुन्या सदऱ्यात ब्युरेट गुंडाळत होती. मी ॲसिडची बाटली आणि ब्रश घेऊन बेसिनपाशी गेलो. पाहतो तर सगळं बेसिन जांभळट-तपकिरी डागांनी भरलेलं... तीन वर्षांचं. हात पुढे होईना.

"बाबा, कावून थांबले?" प्रज्ञानं विचारलं. अगदी मामांच्या सुरात. मला रडू आलं.

मी बाटलीचं झाकण लावलं. घरमालकांना म्हणालो, "तुम्हाला नवं बेसिन बसवून देतो, हे मी घेऊन जातो."

आता ते आमच्या जठारपेठेतल्या घरात, जेवणाच्या खोलीबाहेर बसवलंय. गेल्या आठवड्यात आलेल्या एका पाहुण्या बाईंनी हात धुता धुता विचारलं, "सुनीताताई, हे ॲसिडनं घासत काहून नाही?"

सुनीता त्यांच्यासाठी पाण्याचा ग्लास उजेडाकडे धरून पाहत होती. म्हणाली, "स्वच्छच आहे ते."