सीलबंद गडू

देवघर आवरताना सुनेनं तांब्याचा छोटा गडू उचलला. “आई, हे रामकुंडाचं पाणी अजून सीलबंदच?” माझ्या दातांखाली वाळू करकरली.

वीस वर्षांपूर्वी आम्ही दोघं नामिबियाच्या सहलीला गेलो होतो. वाळूच्या उंच टेकडीवरून समोर निळा समुद्र दिसत असतानाच हे मटकन खाली बसले. “पाणी दे गं.” बाटली संपली होती. पर्समध्ये सासूबाईंनी दिलेला हा गडू होता, पण ते पाणी मरणाऱ्याच्या तोंडात घालायचं. ह्यांना कसं देऊ? मी खाली गाडीकडे धावले.

परतले तेव्हा ह्यांच्या उघड्या तोंडात वाळू गेली होती.

“जपून ठेवते, लागेल कधीतरी,” सून म्हणाली.

“तुळशीला घाल. आणि मी पाणी मागितलं तर नळाचं दे, पण लगेच दे.”