लेहरा धरताना

नातीच्या अंगाला पावडर लावली की अंबरनाथच्या आमच्या कॉलनीचा हॉल आठवतो, कारण तबल्यावर बसण्याआधी बाबा तळहातांना हीच पावडर चोळायचे. ऐंशीच्या दशकातली, तिथल्या संगीताच्या कार्यक्रमाची ती संध्याकाळ. दोघादोघांचे तीन संच वाजवणार होते, शेवटचा आमचा; तबल्यावर बाबा, पेटीवर कॉलेजात जाणारी मी. "तू फक्त लेहरा धर, एकच ओळ पुन्हापुन्हा. मी कुठेही भटकलो तरी परत यायला मला तीच एक ओळ हवी," त्यांनी बजावलं होतं. पहिल्याच तुकड्याला उल्हासनगरहून आलेले त्यांचे सिंधी मित्र "वाह साईं" म्हणाले. माझ्याकडे मात्र कुणी बघतच नव्हतं, म्हणून मी त्या ओळीत सुरांच्या दोन गिरक्या, दोन हरकती घेतल्या. टाळ्या पडल्या, पण बाबांचा हात अडखळला आणि सम हुकली. "वय झालं आता, माझंच चुकलं," ते हसून लोकांना म्हणाले. त्यानंतर ते चारचौघांत कधी वाजवायला बसले नाहीत, आणि चूक माझी होती हे मी कधी बोलले नाही. आता नातीच्या पाठीवर माझी बोटं तोच लेहरा धरतात, एकही हरकत न घेता.