डब्यातली मेथी

फाळणीनंतर सिंधहून आलेल्या निर्वासितांच्या छावणीत मी नर्स होते. लष्कराच्या जुन्या बराकीत गोणपाटाचे पडदे टांगून संसार मांडलेले. शेजारच्याने कूस बदललेलीही ऐकू यायची. ईश्वरीबाईंच्या दाराशी मात्र तुपाच्या रिकाम्या डब्यात कायम मेथी हिरवीगार असे. एकदा मी त्यांना लिंबोणीचं रोप नेलं. त्यांनी हातातसुद्धा घेतलं नाही.

"लिंबं धरायला वर्षं लागतात, सिस्टर. तोवर आम्ही घरी गेलेलो असू. मेथी बरी, महिन्यात येते."

घरची वाट केव्हाच बंद झाली होती. त्यांनाही ते कळत असावं. पण झाड लावलं की कबूल केल्यासारखं होतं.

मी रोप घेऊन उठले. दाराशी त्यांची लेक मेथी खुडत बसली होती. तिची नाळ याच पडद्याआड मी कापली होती.