मंगळवारचं पान

मी मूल गावाहून चंद्रपूरला रोज बसनं ये-जा करायची, तेव्हाची ही गोष्ट. नागपुरात वेबसाइटचं काम शिकून मी घरी परतले होते आणि चंद्रपुरातल्या एका सीएच्या ऑफिसनं मला ठेवून घेतलं होतं. ऑफिस म्हणजे एका बँकेच्या वरच्या मजल्यावर तीन खोल्या. खिडक्या लावलेल्या असल्या तरी सकाळी टेबलावर बोट फिरवलं की कोळशाच्या धुळीनं काळं व्हायचं. ते पुसायचं आणि कामाला बसायचं.

सरांचं म्हणणं सरळ होतं. "कोणी मोबाइलवर 'चंद्रपूर सीए' टाकलं का आपलं नाव वर आलं पाहिजे. आता तिसऱ्या पानावर येते. तिसरं पान कोण पाहते?"

लोक सर्चमध्ये काय शब्द टाकतात ते बघायचं, त्या शब्दांना उत्तर देणारी पानं साइटवर लिहायची आणि जुना पसारा आवरायचा, हे माझं काम. 'राइस मिल जीएसटी', 'सोसायटी ऑडिट', 'पॅनकार्डात नाव चुकले' असले शब्द रिपोर्टमध्ये असायचे. त्यांत एक ओळ अशी होती की तिचा कशाशीच मेळ लागेना. एका माणसाचं नाव, आडनाव आणि पुढं 'सीए'. दर महिन्याच्या रिपोर्टमध्ये ती असायचीच. त्या नावाचं ऑफिसात कोणी नव्हतं.

शोधल्यावर कळलं, साइटवर त्या नावाचं एक पान होतं. मेनूत ते नव्हतं, दुसऱ्या कुठल्या पानावरून तिकडं वाट नव्हती. आमच्या कामात अशा पानाला अनाथ पान म्हणतात. वर पस्तिशीतल्या एका माणसाचा फोटो. निळा शर्ट, खिशाला पेन, आणि हसू यायच्या आधीच कॅमेरा चालला असावा असा चेहरा. खाली शिक्षण वगैरे, आणि शेवटी एक ओळ, 'दर मंगळवारी कुरखेडा आणि देसाईगंज भागातील सहकारी सोसायट्यांना प्रत्यक्ष भेटतात.'

मला वाटलं, भागीदारी सोडून गेलेला कोणी असेल. जुनं सगळं काढून टाक, असं सरांनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. मी ते पान काढलं. त्या पत्त्यावर कोणी आलं तर नव्या 'आमच्याविषयी' पानावर पोचेल अशी सोय केली आणि डबा खायला उठले. कोणाला विचारायचं मला सुचलंसुद्धा नाही.

पुढच्या मंगळवारी दुपारी ऑफिसचा फोन वाजला. बाकीचे जेवायला गेले होते, म्हणून मी उचलला. बाईमाणसाचा आवाज होता, शांत.

"त्याईचं पान कुठी गेलं?"

"कोणाचं, मॅडम?"

तिनं ते नाव घेतलं. मी म्हटलं, साइट नवीन करून राहिलो आहोत, जुनी पानं काढली.

"जुनं कसं होईल ते?" ती म्हणाली. "त्याच्यात लिहिलं आहे ना, मंगळवारी भेटतात म्हणून." मागं शाळेतल्या पोरांचा गलका ऐकू येत होता. मग ती म्हणाली, "तुमच्या सरांना सांगजा, मूलवरून फोन होता."

सर आल्यावर मी सांगितलं. ते खुर्चीत बसत होते ते तसेच उभे राहिले.

"तू डिलिट केलं?"

"तुम्हीच म्हटलं होतं सर, जुनं सगळं."

"हो. म्हटलं होतं." त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "वहिनीचा फोन होता तो."

त्या दुपारी त्यांनी जे सांगितलं ते असं. हे ऑफिस सरांनी आणि फोटोतल्या त्या मित्रानं मिळून सुरू केलं होतं; वहिनी म्हणजे त्या मित्राची बायको. चंद्रपूरचं काम सरांकडं, गडचिरोलीकडच्या सोसायट्या त्या दुसऱ्याकडं. दर मंगळवारी तो मोटरसायकलनं तिकडं जायचा. सहा-साडेसहा वर्षांपूर्वी, धान कापायच्या दिवसांत, एका मंगळवारी सकाळी तो म्हणाला, आज मन नाही लागत, पुढच्या आठवड्यात जातो. सर म्हणाले, "जा ना, सोसायटीवाले वाट पाहून राह्यले असतील." तो गेला. सोसायटीत पोचलाच नाही. दुसऱ्या दिवशी कुरखेड्याच्या अलीकडं जंगलातल्या रस्त्याच्या कडेला त्याची गाडी सापडली. स्टँडवर लावलेली, कुलूप घातलेली, हेल्मेट आरशाला अडकवलेलं. कॅरिअरला कागदांची बॅग तशीच बांधलेली.

पोलीस, फॉरेस्टचे लोक, गावातली माणसं, सगळ्यांनी पंधरा-वीस दिवस जंगल पिंजलं. ना कपड्याचा तुकडा, ना चप्पल. कोणी वाघ म्हणालं, कोणी नदी. कोणी आणखी काही म्हणायचं, पण तिकडं ते मोठ्यानं म्हणत नाहीत.

"मेनूतून त्याचं नाव मीच काढलं," सर म्हणाले. "पान काढाची हिंमत नाई झाली."

मी म्हटलं, "सर, त्यांचं नाव कोणीतरी सारखं शोधते."

"वहिनी शोधते." मग खिडकीकडं बघत ते म्हणाले, "मीही शोधतो. कुठी काही निघालं असेल तर."

पान परत लावायला मला दहा मिनिटं लागली असतील. फोटो पुन्हा उमटला तेव्हा मी खुर्ची मागं सरकवली. आधी त्या चेहऱ्याकडं मी नीट बघितलं नव्हतं. आता तो माझ्याकडं बघतो आहे असं वाटायला लागलं. बसस्टँडवर निळ्या शर्टातला माणूस पाठमोरा दिसला की माझं पाऊल अडायचं.

पण पान परत आल्यावर एक अडचण समोर आली. तोवर माझं काम लागू पडलं होतं आणि साइट सर्चमध्ये वर चढत होती. तिच्याबरोबर ते पानही वर आलं. आरमोरीकडच्या एका राइस मिलवाल्यानं फोन करून विचारलं, मंगळवारवाले साहेब या आठवड्यात येतात का. फोन सरांनी घेतला होता. "नाई, ते बाहेर आहेत," एवढं बोलून त्यांनी ठेवला आणि त्या दिवशी लवकर घरी गेले.

मग मीच वहिनींकडं गेले. मूलमध्ये आमच्या घरापासून पायी पंधरा मिनिटं. त्या जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवायच्या. संध्याकाळची वेळ होती, त्या अंगणात वह्या तपासत बसल्या होत्या. ऑफिसचं नाव सांगितल्यावर त्यांनी मला बसायला खुर्ची दिली, चहा केला, आणि मी काही विचारायच्या आधीच म्हणाल्या, "तू त्याईची पाटी पुसायला आली काय?"

"नाही, मॅडम. विचारायला आले."

"लोकं सांगतात, आता सात वर्षं होतील, कोर्टातून कागद करून घ्या. त्या कागदावर काय लिहितात माहीत आहे ना तुले? मी काऊन सही करू? मी काई पाह्यलं नाई." त्यांनी लाल पेनाचं टोपण लावलं. "साऱ्या कागदांवर ते 'होते' झाले, बाई. राशनकार्डावर, पोरीच्या शाळेत. एवढ्या एका ठिकाणी 'भेटतात' आहे."

मी त्यांना समजावलं की पान मोडणार नाही, एक अक्षरही बदलणार नाही, फक्त सर्चला सांगून ठेवते की हे दाखवू नको. ज्याच्याकडं पत्ता आहे त्यालाच ते उघडेल. त्यांनी ते दोनदा सांगायला लावलं.

"म्हणजे कोणी शोधलं तर सापडणार नाई?"

"नाही."

"पण राहील?"

"राहील."

त्यांनी मोबाइल माझ्यापुढं केला. मी तो पत्ता पहिल्या स्क्रीनवर ठेवून दिला. त्यांनी बोट लावलं, पान उघडलं, आणि त्या बघत राहिल्या. मी चहा संपवून निघाले तरी त्यांचं लक्ष नव्हतं.

दोन-तीन आठवड्यांत ते नाव रिपोर्टमधून गेलं. लोक शोधत असतील, पण त्यांचं शोधणं आता आमच्यापर्यंत येत नव्हतं. ते मी स्वतःच्या हातानं केलं होतं, आणि बरोबरच केलं असं मला आजही वाटतं. तरी रिपोर्ट आला की त्या नावाची जागा मी आधी बघायची. पानावर कोणी आलं-गेलं त्याची मोजदाद मात्र व्हायची. दर मंगळवारी दोघं यायची. एक मूलचं असणार. दुसरं आमच्याच ऑफिसातलं होतं, हे समजायला हुशारी लागत नव्हती.

साइट दिवाळीच्या सुमारास पहिल्या पानावर आली. सरांनी पेढे आणले आणि म्हणाले, आता कुरखेड्यासाठी वेगळं पान कर, तिकडचे लोक आपल्याला शोधतात. अशा पानाला तिथलेच फोटो लागतात, कुठून तरी उचललेले चालत नाहीत. म्हणून आम्ही सरांच्या गाडीनं निघालो. शोध थांबल्यापासून सर त्या बाजूला गेलेच नव्हते. ब्रह्मपुरी, देसाईगंज मागं पडलं, दोन्हीकडं धान कापलेल्या शेतांच्या बांध्या, मग सागाचं जंगल सुरू झालं. एका ठिकाणी सरांनी गाडी हळू केली. थांबवली नाही. मीही त्या बाजूला बघितलं नाही. मग सरांनी गिअर बदलला आणि गाडी पुढं काढली.

कुरखेड्याच्या सोसायटीचे सचिव म्हातारे होते, जाड चष्म्याचे. आम्ही दारात उभे होतो. त्यांनी सरांना निरखून बघितलं, मला बघितलं, आणि आमच्या मागं रिकाम्या अंगणाकडं मान वाकवून बघितलं.

"या, साहेब. दुसरे साहेब नाई आले काय?"

त्यांना माहीत नव्हतं असं नाही. त्याच माणसानं गावकऱ्यांना घेऊन जंगल पालथं घातलं होतं, सरांनीच ते सांगितलेलं. वयानं विसरले असतील, किंवा तसं विचारायची सवयच राहिली असेल. शेजारी बसलेल्या कारकुनानं मान खाली घातली. मी सरांकडं बघितलं.

"नाई, भाऊ," सर म्हणाले. "आज नाई."

"बरं बरं. बसा मग," सचिव म्हणाले, आणि कारकुनाला पाणी आणायला पाठवलं.

मी बाहेर येऊन इमारतीचे फोटो काढले. धानाची पोती, पाटी, फाटक, समोरचं मोहाचं झाड. प्रत्येक फोटो काढला की तो मोठा करून बघत होते, कोपऱ्यात कोणी उभं तर नाही ना.