मेणाची खोली

ईस्टरच्या शनिवारी सकाळी साडेसहापासूनच ओशिल्डचा फोन वाजायला लागला.

"आज कोणतं लावू?"

नाव नाही, गाव नाही, शुभ सकाळ तर नाहीच. स्की घालून डोंगरावर निघण्याआधी दरीतली अर्धी माणसं गेली तीसेक वर्षं तिला एवढंच विचारत होती. मग ओशिल्ड खिडकीतून हात बाहेर काढायची, कठड्यावरचा चिमूटभर बर्फ बोटांत चुरडायची आणि निकाल द्यायची. पिठासारखा उडाला, तर चढावर मागे घसरू नये म्हणून स्कीच्या तळाला निळं मेण. गोळा वळला, तर जांभळं. पाणी ठिबकलं, तर लाल. आणि वितळून पुन्हा गोठलेला, वाळूसारखा खरखरीत असला, तर ट्यूबमधला चिकटा. हा चिकटा स्कीला थोडा आणि पँटला, दाराच्या मुठीला, मांजराला जास्त लागतो.

वृद्धाश्रमाच्या स्वयंपाकघरात तिने एकतीस वर्षं बटाटे उकडले. त्या बटाट्यांबद्दल कुणी चकार शब्द काढला नाही. मेणाबद्दल मात्र चर्चच्या पायऱ्यांवर थांबवून लोक आभार मानायचे.

या कामासाठी तळघरात तिची खोली होती. दोन पावलं लांब, दोन पावलं रुंद. बाक, इस्त्री, डब्यांची रांग आणि डांबराचा वास. तीच खोली आता धोक्यात होती.

नवरा कोल्बाइन याने नाताळात नव्या स्की आणल्या होत्या. खाली मधोमध केसांची पट्टी शिवल्यासारखी बसवलेली. पुढे घसरते, मागे धरते. मेणाची गरजच नाही.

"पायाला मांजर बांधून निघालायस," ओशिल्ड म्हणाली होती.

"मांजर तर मांजर. आता मेण लावतंय कोण? शेजारच्या टूरिडनेही पट्टीवाल्याच घेतल्या. ती खोली रिकामी कर, मला एल्क हरणाच्या मांसासाठी मोठा फ्रीझर ठेवायचाय."

गुरुवारी जेवताना पुन्हा तोच विषय निघाला आणि ओशिल्डचं डोकं फिरलं. "शनिवारी ठरवू. तळ्याकाठच्या वॉफलच्या झोपडीत आधी पोचेल, त्याची खोली. नंतर कुरकुर नाही."

"कुणीही?" सून विल्डेने विचारलं. ती पाऊसवाल्या किनाऱ्यावरची. तिच्या स्की जुन्या बाजारातून आणलेल्या, तळाला माशासारखी खवलं कोरलेल्या प्लास्टिकच्या. असल्या स्की म्हणजे माणसाने आयुष्याकडून काही मागायचं सोडून दिल्याची खूण, असं ओशिल्डचं मत होतं.

"कुणीही," कोल्बाइन उदारपणे म्हणाला.

"मग मी पण. आयरिक, शनिवारी मुलं तुझ्याकडे." आयरिकने, म्हणजे ओशिल्डच्या मुलाने, बटाट्यातून मान वर काढली, पण तोवर ठरून गेलं होतं.

शनिवारी पारा नेमका शून्यावर. जुन्या ओल्या बर्फावर रात्रीचा ताजा थर. मेणवाल्यांना घाम फोडणारा दिवस, म्हणून फोनही जास्त. सातवा फोन टूरिडच्या नवऱ्याचा. त्याने मेण विचारलं, मग सून विचारली, मग स्वतःचा गुडघा सांगितला. बाहेर कोल्बाइन घड्याळ दाखवत उभा. ओशिल्डने तळघरातून स्की उचलल्या आणि तशाच बर्फावर टाकून पाय अडकवले.

शंभर पावलांवर तिला कळलं.

उबदार तळघरातल्या स्की थेट बर्फावर घालायच्या नाहीत. अर्धा तास बाहेर भिंतीला टेकवून गार करायच्या, नाहीतर खालचा बर्फ वितळतो आणि तिथेच गोठून बसतो. हे तिने गावातल्या प्रत्येक पोराला ओरडून ओरडून शिकवलं होतं. आणि आज तिच्याच पायांखाली बर्फाचे गोळे चढत होते.

"निळं की जांभळं?" शेजारून जाताना कोल्बाइनने गोड आवाजात विचारलं.

"पुढे बघून चाल. झाडावर आपटशील."

तो चढावर लागला. हेरिंग माशाच्या काट्यासारखी तिरपी पावलं उमटवत, पट्टीच्या जोरावर मजेत. ओशिल्ड स्कीखालचा बर्फ खरवडत, दहा पावलं चालत, पुन्हा खरवडत निघाली. फ्रीझरचा घरघराट तिला आत्ताच ऐकू यायला लागला.

पण जंगलातला बर्फ ओला होता आणि वरच्या सावलीतला कोरडा, गार. चढ संपल्यावर तिने पाहिलं, तर कोल्बाइन मधोमध उभा. पट्टी भिजून गोठली होती आणि पायांखाली वीतभर बर्फाचे जोडे.

"मांजराला थंडी वाजली?" ओशिल्डने विचारलं.

"तू बोलू नकोस. तूही एक वीत उंच झालीयस."

दोघं शेजारी शेजारी वाकून खरवडत होती, तेवढ्यात मागून घर्र, घर्र असा आवाज आला.

"वाट सोडा!" विल्डे ओरडली आणि दोघांच्या मधून निघून गेली. तोल गेलेला, टोपी डोळ्यांवर, पण खवल्यांना एक कण चिकटलेला नव्हता.

पुढे तळ्याचा उतार. ओशिल्डला राहवेना. "नांगर धर!" ती ओरडली. "टोकं आत, टाचा बाहेर! गुडघे वाक! वर पापुद्रा आहे, दोन्ही पायांवर सारखं वजन दे!"

"कुणाच्या बाजूने आहेस तू?" कोल्बाइन म्हणाला.

विल्डे एकदा पडली, उठली आणि गोठलेल्या तळ्यावरून सरळ गेली.

दोघं पोचली, तेव्हा ती झोपडीच्या उन्हातल्या भिंतीला पाठ लावून तपकिरी चीज घातलेलं वॉफल खात होती.

"खोली माझी," ती तोंडात घास ठेवूनच म्हणाली.

"अगदी रीतसर," कोल्बाइन खूश होता. खोली निदान बायकोकडून तरी गेली. "मग काय ठेवणार त्यात? फ्रीझरला थोडी जागा..."

"मला ठेवणार. ईस्टरला इथे असू तेव्हा, आणि रविवारी जेवायला येतो तेव्हा. अडीच वर्षांत मी एकदाही दार लावून बसलेले नाही. न्हाणीघरातसुद्धा एक पोरगं मांडीवर असतं."

कोल्बाइन हसत हसत कॉफी आणायला आत गेला. ओशिल्ड हसली नाही. तान्हा आयरिक पोटदुखीने दिवसरात्र रडायचा, माडीवर सासूबाई काठी आपटायच्या, त्या हिवाळ्यात तिला स्कीच्या मेणाचा अचानक नाद लागला होता. असा नाद, की रोज संध्याकाळी तळघरात जावंच लागायचं.

"बाक तुझाच राहू दे," विल्डे हळू आवाजात म्हणाली. "पण मला मेण येत नाही. मी आत काय करतेय म्हणून सांगू?"

"मेणच लावतेय म्हणून सांग. शिकवीन मी."

"खरं किती वेळ लागतो त्याला?"

ओशिल्डने दाराकडे पाहिलं. "दहा मिनिटं."

कोल्बाइन हातात तीन कप सांभाळत बाहेर आला.

"दीड तास!" ओशिल्ड मोठ्याने म्हणाली. "दोन जोड्या असल्या तर तीन. आणि दार अजिबात उघडायचं नाही, गार हवा लागली की मेण बिघडतं."

कोल्बाइनने कप सुनेच्या हातात दिला आणि गंभीरपणे मान हलवली. "घाई नको करूस हं विल्डे. घाईने काय होतं, ते हिचं आज पाहिलंसच."