जोधपूरचं बंद खातं

जानेवारीत चंदीगडला ऊन दुपारी एकला येतं आणि तीनला जातं. त्या दोन तासांत कपडे वाळवायचे, सासूबाईंना बाल्कनीत बसवायचं, गाद्या उलटायच्या. त्या आठवड्यात मी यातलं काहीच केलं नाही. चार दिवस मी त्या उन्हात लॅपटॉप मांडीवर घेऊन बसले होते. उजेडात स्क्रीनवरचं धड दिसायचं नाही आणि आत बसलं की बोटं गारठायची.

नवरा हवाई दलातून चार महिन्यांनी निवृत्त होणार होता. मग सरकारी क्वार्टर सोडायचं. आम्ही एअरोसिटीत एक फ्लॅट पसंत केला होता, तिसरा मजला, विमानतळाजवळचा. लोक आवाजामुळे तिथे घर घेत नाहीत, आणि हा गृहस्थ बाल्कनीत उभा राहून वर बघत होता आणि आवाजावरून विमान ओळखून दाखवत होता. मला कळलं की घर ठरलं. शनिवारी पहिला मोठा हप्ता द्यायचा होता, आणि तो म्युच्युअल फंडातले युनिट विकून द्यायचा होता. बँकेकडून मिळेल तेवढं कर्ज आधीच मंजूर करून घेतलं होतं. निवृत्त होणाऱ्या माणसाला त्याहून जास्त कोणी देत नाही.

घरचा हिशेब माझ्याकडे. गेली पंधरा वर्षं मी तो एका सॉफ्टवेअरमध्ये ठेवते. विकण्याआधी म्हणून फंडांचं एकत्रित स्टेटमेंट मागवलं, तर त्यातली रक्कम माझ्या आकड्यापेक्षा बारा लाखांनी कमी.

पहिल्या दिवशी मी हसले. असल्या तफावती मी खूप पाहिल्या आहेत. कधी एखाद्या योजनेचं नाव बदलतं आणि सॉफ्टवेअर तिला दोन योजना समजतं. कधी लाभांश दोनदा चढतो. मी एकेक तपासत गेले. दुसऱ्या दिवशी फोलिओ नंबर लावून पाहिले, तिसऱ्या दिवशी हेल्पलाइनला फोन केला. तिथली मुलगी फार गोड होती, दर वाक्याला जी म्हणत होती, आणि जी लावून तिने एवढंच सांगितलं की आमच्या नोंदी बरोबर आहेत, तुमच्या सॉफ्टवेअरचं आम्हाला काय माहीत. फोन ठेवून मी सगळ्या फंडवाल्यांना मनातल्या मनात शिव्या घातल्या. मुलीला विचारलं. ती मराठी सगळं समजते आणि उत्तर हिंदीत देते. "मम्मा, सॉफ्टवेअर खुद से तो कुछ नहीं लिखता ना," एवढं बोलून ती क्लासला निघून गेली.

चौथ्या दिवशी मी युनिटांची यादी तारखेप्रमाणे लावली. स्टेटमेंट आणि माझा हिशेब आम्ही जोधपूर सोडलं त्या महिन्यापर्यंत तंतोतंत जुळत होता. तिथून पुढे स्टेटमेंटमध्ये एकही खरेदी नव्हती. माझ्याकडे मात्र दर महिन्याच्या पाच तारखेला तीस हजारांची खरेदी, चौतीस महिने, एकही खाडा नाही.

मग पैसे कुठल्या खात्यातून जात होते ते पाहिलं. आमची एक जुनी रीत आहे. पगाराचं खातं कायम असतं, पण घरखर्चाचं खातं जिथे बदली होईल तिथे नवं उघडायचं आणि निघताना बंद करायचं. बदली झाली की लायब्ररीपासून कँटीनपर्यंत प्रत्येकाकडून येणं-देणं नाही अशी सही आणावी लागते, आणि त्या धांदलीत आम्ही बँकेचंही खातं उरकून टाकायचो. मागे काही ठेवायचं नाही, हे नवऱ्याचं ब्रीद. दर महिन्याला फंडात जाणारी ठरावीक रक्कम, म्हणजे एसआयपी, त्याच खात्यातून जायची, त्यामुळे प्रत्येक बदलीत ती बंद पडायची. नव्या गावी गेल्यावर मी महिन्या-दोन महिन्यांत नवा फॉर्म भरायचे आणि सॉफ्टवेअरने मधल्या काळात आपोआप चढवलेल्या नोंदी पुसायचे. आधीच्या चार बदल्यांत हे चार वेळा बिनबोभाट झालं होतं.

सॉफ्टवेअरमध्ये बंद खाती यादीत दिसत नाहीत. ती दाखवायची असतील तर एका चौकोनात खूण करावी लागते. मी खूण केली. सगळ्यात खाली जोधपूरचं खातं दिसलं, लाल अक्षरांत, उणे दहा लाख वीस हजार. जे खातं जगात नाही त्यातून ते यंत्र दर महिन्याला पैसे काढत होतं, फंडात भरत होतं आणि त्यावर वाढही दाखवत होतं.

फॉर्म मी भरलाच नव्हता. चंदीगडला आलो त्याच महिन्यात सासूबाई पडल्या, खुब्याचं हाड मोडलं. मग सेक्टर ३४ मधला मुलीचा क्लास, त्याची फी. मी पुढच्या महिन्यात, पुढच्या महिन्यात करत राहिले, आणि पाच तारखेची नोंद दिसली की वाटायचं, झालं असेल. खरं सांगायचं तर मी थकले होते. पाचव्यांदा तोच फॉर्म, तेच पत्त्याचे पुरावे, त्याच तीन सह्या. बँकेत महिन्याला चार पैसे जास्त उरायचे तेव्हा मी कौतुकाने सगळ्यांना सांगत फिरले की चंदीगड स्वस्त आहे बाई. ते उरलेले पैसे ऑपरेशनला, फीला, घरातल्या एका लग्नाला गेले. कोणी चोरले नाहीत, उधळलेही नाहीत. मला रडू आलं ते त्याचंच. दोष द्यायला दुसरं कोणी नव्हतं.

मी चौतीस नोंदी एकेक करून पुसल्या. प्रत्येक वेळी ते विचारायचं, नक्की पुसायची का. मी हो म्हणत गेले. शेवटची पुसली आणि आकडा स्टेटमेंटशी पैशापर्यंत जुळला. अचूक जुळलेला हिशेब मला आयुष्यात कधी इतका नकोसा झाला नव्हता.

नवरा साडेपाचला आला. बूट काढत असतानाच मी सांगून टाकलं, कारण तो चहा प्यायला बसला असता तर माझ्याच्याने बोलवलं नसतं. बारा लाख नाहीत, एसआयपी तीन वर्षं झालीच नाही, फॉर्म मी भरला नाही. तो ओरडला नाही. ओरडला असता तर मला बरं वाटलं असतं. त्याने कर्ज वाढवून मिळेल का विचारलं, मी नाही म्हटलं. आईचं ऑपरेशन त्यातूनच झालं का, विचारलं. मी हो म्हटलं. मग त्याने हातातला बूट खाली ठेवला.

लग्न झाल्यापासून दर तीन-चार वर्षांनी हा असाच दारातून यायचा, टोपी टेबलावर ठेवायचा आणि एका गावाचं नाव सांगायचा. मी विचारायचे नाही, पेट्या मोजायला लागायचे.

"मग आता आपण जायचं कुठे?" त्याने मला विचारलं.